सर्वसम फर्मिऑनांचे प्रतिसममित तरंगफलन : ते ऋण चिन्ह नेमके काय सांगते?

लंबक (धागाकर्ती)

पदवीच्या तिसऱ्या वर्षाला पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) शिकवताना दर वर्षी एका ठिकाणी माझे स्वतःचेच समाधान होत नाही, म्हणून हा धागा काढते आहे. फर्मिऑन म्हणजे इलेक्ट्रॉनासारखे कण, आणि तरंगफलन म्हणजे कणांच्या अवस्थेचे वर्णन करणारे गणिती फलन. दोन सर्वसम, म्हणजे कोणत्याही खुणेने वेगळे ओळखता न येणाऱ्या, फर्मिऑनांची अदलाबदल केली की तरंगफलनाचे चिन्ह बदलते, म्हणजे ते प्रतिसममित असते, हे मी फळ्यावर लिहिते. क आणि ख या दोन अवस्था असतील, तर दोन इलेक्ट्रॉनांचे तरंगफलन क(१)ख(२) − क(२)ख(१) असे होते. क आणि ख एकच असतील, तर ही वजाबाकी शून्य होते. त्यावरून दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत, हा पाउली यांचा १९२५ सालचा वर्जन नियम निघतो. विद्यार्थी हे सारे वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत बिनचूक लिहितात.

या वर्षी मात्र तास संपल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, पण जागा भरलेली आहे हे त्या दुसऱ्या इलेक्ट्रॉनला कळतं कसं?" मी तिला सांगितले की, इलेक्ट्रॉनाला काही कळावे लागत नाही, तो तरंगफलनाचा गुणधर्म आहे. तिने लगेच पुढचा प्रश्न केला की, विश्वातले सगळे इलेक्ट्रॉन सर्वसम असतील, तर या खोलीतला एक इलेक्ट्रॉन आणि चंद्रावरचा एक इलेक्ट्रॉन यांचेही तरंगफलन असेच वजाबाकीचे लिहावे लागेल का? आणि लागत असेल, तर आपण हायड्रोजनच्या अणूचा विचार एकट्याने कसा काय करतो?

मी तिला सोमवारपर्यंत मुदत मागितली आहे. तिचा प्रश्न बाळबोध नाही, असे मला मनापासून वाटते. माझ्या मते त्यात दोन वेगवेगळे प्रश्न आहेत. पहिला प्रश्न असा की, प्रतिसममिती हे एक प्रकारचे बल मानायचे का, कारण आपण वर्गात सर्रास "इलेक्ट्रॉन एकमेकांना टाळतात" अशी भाषा वापरतो. दुसरा प्रश्न असा की, ही अट नेमकी कुठे लक्षात घ्यावी लागते आणि कुठे सोडून दिली तरी चालते.

शब्दाबद्दल एक खुलासा करते. काही टिपणांत यासाठी "असममित" असा शब्द आढळतो, पण असममित म्हणजे ज्यात सममिती नाही ते. इथे सममिती आहे, फक्त ती चिन्ह उलटवणारी आहे. म्हणून मी "प्रतिसममित" हा शब्द वापरते.

परीघ

आधी चंद्राच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण ते आकडेमोडीने पूर्णपणे मिटते. तत्त्वतः होय, त्या दोन इलेक्ट्रॉनांचे तरंगफलनही प्रतिसममितच लिहावे लागते, त्यातून कोणालाच सूट नाही. पण आपण जे मोजतो ते तरंगफलन नसून त्याच्या वर्गातून निघणारी संभाव्यता असते. तुमच्या वजाबाकीचा वर्ग केला तर चार पदे मिळतात. त्यांतली दोन पदे साधी असतात : पहिला क मध्ये आणि दुसरा ख मध्ये, किंवा त्याच्या उलट. उरलेली दोन पदे मिश्र असतात आणि त्यांत प्रत्येक स्थानी क आणि ख यांचा गुणाकार येतो. क हे फलन या खोलीपुरते आणि ख हे चंद्रापुरते मर्यादित असेल, तर असा एकही बिंदू सापडत नाही जिथे दोन्ही एकाच वेळी शून्याहून वेगळी आहेत. म्हणून मिश्र पदे नाहीशी होतात. काटेकोर बोलायचे तर दोन्ही फलनांच्या शेपट्या अनंतापर्यंत जातात, पण त्यांचा गुणाकार इतका नगण्य असतो की कोणत्याही मोजमापात तो दिसणार नाही.

उरलेल्या दोन साध्या पदांतून जे उत्तर निघते, ते "खोलीतला इलेक्ट्रॉन" आणि "चंद्रावरचा इलेक्ट्रॉन" यांना वेगळे मानून काढलेल्या उत्तराशी तंतोतंत जुळते. त्यामुळे हायड्रोजनच्या अणूचा एकट्याने विचार करताना आपण नियम मोडत नसतो. नियम पाळला काय आणि न पाळला काय, तिथे उत्तर एकच येते, याचा आपण फायदा घेत असतो.

यातली खरी महत्त्वाची गोष्ट मात्र माझ्या दृष्टीने निराळी आहे. कंसातले १ आणि २ हे आकडे आपण चिकटवलेले आहेत, इलेक्ट्रॉनावर तसे काही लिहिलेले नसते. "इलेक्ट्रॉन क्रमांक १ हा क मध्ये आहे" या विधानाला निसर्गात अर्थ नाही, तर "एक इलेक्ट्रॉन क मध्ये आणि एक ख मध्ये आहे" या विधानाला अर्थ आहे. आपले गणित आकड्यांशिवाय चालत नाही म्हणून आपण ते लावतो, आणि लावल्यावर त्यांतून खोटी माहिती आत शिरू नये म्हणून सगळ्या क्रमांकांना सारखी वागणूक देणारी अट घालतो. १९२८ साली योर्डान आणि विग्नर यांनी जी मांडणी केली, तिच्यात हे आकडे उरतच नाहीत. तिथे फक्त कोणत्या अवस्था भरलेल्या आहेत एवढेच लिहितात, आणि दोन अवस्था कोणत्या क्रमाने भरल्या यावरून चिन्ह ठरते. तुमच्या विद्यार्थिनीला "कळण्याचा" जो पेच पडला आहे, त्याचा बराचसा भाग त्या आकड्यांना खरे मानल्यामुळे निर्माण झालेला आहे.

लंबक

चंद्राचा प्रश्न मिटला, आभारी आहे. पण आता उलटी शंका येते. ऋण चिन्ह हे जर केवळ आपल्या लेखनपद्धतीचे प्रायश्चित्त असेल, तर त्याचा ऊर्जेवर परिणाम का व्हावा? लेखनपद्धतीमुळे वर्णपटातली रेषा सरकत नाही.

अभ्रक

रेषा सरकते, आणि चांगली ठसठशीत सरकते. माझे काम वर्णपटांचे असल्यामुळे हेलियमचे उदाहरण जरा सविस्तर सांगतो, कारण या विषयाचा जन्मच तिथे झाला आहे.

हेलियमच्या अणूत दोन इलेक्ट्रॉन असतात. त्यांतला एक सर्वांत खालच्या कक्षकात (एका इलेक्ट्रॉनाच्या स्थानाच्या अवस्थेत) आणि दुसरा त्याच्या वरच्या कक्षकात आहे, अशी उत्तेजित अवस्था घ्या. इथे दोन इलेक्ट्रॉन वेगळ्या कक्षकांत आहेत, म्हणजे "एका अवस्थेत दोघे नकोत" ही वर्जनाची अट आपोआप पाळली गेलेली आहे. नियमाचा अर्थ एवढाच असता, तर पुढे काहीच घडायला नको होते. प्रत्यक्षात मात्र या एकाच रचनेच्या दोन निरनिराळ्या ऊर्जा सापडतात. मूळ अवस्थेपासून मोजले, तर एक १९.८२ इलेक्ट्रॉनव्होल्टवर (हे अणूंसाठी वापरतात ते ऊर्जेचे एकक) आहे आणि दुसरी २०.६२ इलेक्ट्रॉनव्होल्टवर. स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनाचा अंगभूत कोनीय संवेग, तो वर किंवा खाली असू शकतो. दोन्ही स्पिन समांतर असतील, तर खालची ऊर्जा मिळते.

पहिला विचार असा येतो की, स्पिन म्हणजे लहानसे चुंबक, म्हणून हा फरक चुंबकीय असावा. पण अणूतल्या अंतरावर दोन इलेक्ट्रॉनांमधली चुंबकीय आंतरक्रिया इलेक्ट्रॉनव्होल्टच्या काही दहा-हजारांशाइतकीच असते. ०.८० इलेक्ट्रॉनव्होल्टचा फरक तिच्या हजारपटीहून मोठा आहे. चुंबकत्वाला तो झेपणारा नाही.

खुलासा हायझेनबर्ग यांनी १९२६ साली केला. संपूर्ण तरंगफलन प्रतिसममित असले पाहिजे, आणि त्याचे दोन भाग आहेत : स्थानाचा आणि स्पिनचा. स्पिनचा भाग सममित असेल, तर स्थानाचा भाग प्रतिसममित असावा लागतो, आणि स्पिनचा भाग प्रतिसममित असेल, तर स्थानाचा भाग सममित. दोन इलेक्ट्रॉनांच्या सममित स्पिनअवस्था तीन आणि प्रतिसममित एकच, म्हणून एका प्रकारच्या रेषा त्रिकाच्या आणि दुसऱ्या एकेरी. त्रिकात स्थानाचा भाग प्रतिसममित असल्यामुळे दोन इलेक्ट्रॉन एकाच बिंदूपाशी सापडण्याची संभाव्यता शून्य होते, तर एकेरी अवस्थेत ती उलट वाढते. या दोन मांडण्यांत विद्युत-प्रतिकर्षणाची ऊर्जा वेगळी पडते. परीघ यांनी सांगितलेले मिश्र पद इथे नाहीसे होत नाही, कारण दोन्ही कक्षके एकाच अणुकेंद्राभोवती एकमेकांवर पसरलेली आहेत. बल आहे ते विद्युतबलच, नवे काही नाही. प्रतिसममिती फक्त ते बल कोणत्या मांडणीवर काम करणार हे ठरवते.

इतिहासातली एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. हेलियमच्या वर्णपटात एकमेकांशी संबंध न ठेवणाऱ्या रेषांच्या दोन मालिका आहेत. १८९५ साली रॅम्झी यांना क्लीव्हाइट खनिजातून हा वायू मिळाल्यावर रुंगे आणि पाशेन यांनी त्या मालिका वेगळ्या केल्या, आणि त्या इतक्या स्वतंत्र वाटल्या की ही दोन मूलद्रव्ये असावीत अशी शंका त्यांनी मांडली. एका मालिकेचे "पारहेलियम" हे नाव त्या काळापासून टिकून आहे. दुसरीला आपण ऑर्थोहेलियम म्हणतो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात गुंटूर आणि इतर ठिकाणांहून सूर्याच्या ज्वालांचे वर्णपट पाहिले गेले. त्यानंतर ज्या पिवळ्या रेषेवरून लॉक्यर यांना नव्या मूलद्रव्याचा विचार सुचला, ती ५८७.६ नॅनोमीटरची रेषा ऑर्थोहेलियमची, म्हणजे त्रिकातली आहे. स्थानाच्या भागात हे ऋण चिन्ह असलेल्या अवस्थांचाच तो प्रकाश होता.

या त्रिकातली सर्वांत खालची अवस्था इतकी चिवट आहे की, एकटा सोडलेला अणू तिच्यात सरासरी दोन तासांहून अधिक काळ राहतो. खाली उतरायचे तर स्पिन उलटावा लागतो, आणि प्रकाशाशी होणारी नेहमीची आंतरक्रिया ते काम जवळजवळ करतच नाही.

ओसरी

अभ्रक यांच्या प्रतिसादात एक सूक्ष्म दुरुस्ती सुचवते. समांतर स्पिनांचे इलेक्ट्रॉन दूर राहतात, त्यामुळे त्यांच्यातले प्रतिकर्षण कमी होते आणि म्हणून ऊर्जा कमी होते, हा खुलासा पहिल्या पायरीच्या गणनेला धरून आहे. पण दोन्ही अवस्थांची तरंगफलने स्वतंत्रपणे आणि अचूक काढली, तर उत्तेजित हेलियमच्या बाबतीत वेगळेच चित्र दिसते. त्रिकात इलेक्ट्रॉन एकमेकांच्या वाटेत कमी येतात, त्यामुळे अणुकेंद्राचा प्रभार एकमेकांपासून कमी झाकतात, आणि बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्राच्या अधिक जवळ ओढला जातो. सगळेच आकसल्यामुळे परस्परांतले प्रतिकर्षण शेवटी थोडे वाढलेले निघते, पण केंद्राच्या आकर्षणातून होणारा लाभ त्याहून मोठा असतो. कारणांची साखळी प्रतिसममितीपासूनच सुरू होते, फक्त तिचे शेवटचे टोक आपण समजतो तिथे नसते. वर्गात हे सांगावे की नाही हा शिक्षकाचा प्रश्न आहे. मी सांगते.

अभ्रक

दुरुस्ती मान्य आहे. पहिल्या पायरीचे चित्र मी अंतिम असल्यासारखे लिहिले, ती चूक होती.

कुतूहल

मी अभियांत्रिकीचा माणूस आहे, त्यामुळे दोन साधे प्रश्न विचारतो. दोनच्या जागी दहा इलेक्ट्रॉन आले, तर हे तरंगफलन लिहायचे कसे? आणि हा नियम कधी कोणी मुद्दाम मोडून पाहिला आहे का?

परीघ

दहावीच्या बीजगणितात क्रेमरच्या पद्धतीसाठी आपण निश्चयक शिकतो, तोच इथे कामाला येतो. प्रत्येक ओळ एका इलेक्ट्रॉनाची आणि प्रत्येक स्तंभ एका अवस्थेचा, असा निश्चयक मांडा. दोन ओळींची अदलाबदल केली की निश्चयकाचे चिन्ह बदलते, ही झाली प्रतिसममिती. दोन स्तंभ सारखे असले की निश्चयक शून्य होतो, हा झाला वर्जन नियम. डिरॅक यांनी १९२६ साली हे रूप वापरले, आणि १९२९ साली स्लेटर यांनी स्पिनही प्रत्येक स्तंभात सामावून घेऊन, तोवर गटसिद्धान्ताच्या, म्हणजे सममितीच्या गणिताच्या, जड यंत्रणेने केली जाणारी अणूंच्या वर्णपटांची गणिते साध्या निश्चयकांवर आणली. म्हणून आज त्याला स्लेटर निश्चयक म्हणतात.

निऑनच्या दहा इलेक्ट्रॉनांसाठी निश्चयक उलगडला, तर ३६,२८,८०० पदे होतात. पण उलगडायची गरज नसते. ओळींची वजाबाकी करत निश्चयक त्रिकोणी केला की काही शे गुणाकारांत त्याची किंमत हाती येते. बोसॉनांसाठी, म्हणजे ज्यांच्या अदलाबदलीत चिन्ह बदलत नाही अशा कणांसाठी, हीच बेरीज सर्व पदांना धन चिन्ह देऊन करावी लागते, आणि तिथे ओळींच्या वजाबाकीची ही युक्ती चालत नाही. त्या बेरजेसाठी सर्वसाधारण जलद पद्धत असण्याची आशा किती कमी आहे, हे व्हॅलियंट यांनी १९७९ साली दाखवले. ऋण चिन्हे गणित अवघड करतात असा सर्वसाधारण समज आहे, इथे ती सोपे करतात.

मात्र हे सुख एकमेकांवर परिणाम न करणाऱ्या कणांपुरतेच आहे. प्रतिकर्षण आले की एक निश्चयक पुरत नाही, अनेकांची बेरीज घ्यावी लागते. निऑनसाठी स्पिनसहित फक्त वीस अवस्था विचारात घेतल्या, तरी त्यांतून दहा निवडण्याचे १,८४,७५६ प्रकार होतात, आणि वीस अवस्था म्हणजे फारच तुटपुंज्या. अभ्रक यांच्या उदाहरणात तर प्रतिकर्षण विचारात घेण्याआधीच एक निश्चयक अपुरा पडतो. एक स्पिन वर आणि एक खाली असलेले दोन निश्चयक होतात, आणि त्यांची बेरीज किंवा वजाबाकी केल्याशिवाय त्रिकातली मधली अवस्था आणि एकेरी अवस्था वेगळ्या होत नाहीत.

ओसरी

कुतूहल यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देते. होय, पाहिला आहे, आणि प्रयोग विलक्षण साधा आहे. रामबर्ग आणि स्नो यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तांब्याच्या पट्टीतून मोठा विद्युतप्रवाह सोडला. बाहेरून आलेल्या इलेक्ट्रॉनांपैकी एखाद्याने नियम मोडून तांब्याच्या अणूच्या आधीच भरलेल्या सर्वांत आतल्या कवचात उडी मारली, तर क्ष-किरण बाहेर पडेल. तांब्याचा नेहमीचा क्ष-किरण सुमारे ८.०५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा असतो. नियमबाह्य उडीत आतले दोन इलेक्ट्रॉन केंद्राला अधिक झाकत असल्यामुळे हा किरण सुमारे ३०० इलेक्ट्रॉनव्होल्टने कमी ऊर्जेचा असायला हवा. तसा किरण सापडला नाही. इटलीतल्या ग्रान सासो डोंगराखालच्या प्रयोगशाळेत हाच शोध अधिक संवेदनशील उपकरणांनी पुढे चालवला गेला, आणि तिथेही नियम अबाधित राहिला.

प्रवाह का सोडायचा, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पट्टीतल्या जुन्या इलेक्ट्रॉनांना त्या अणूंच्या सहवासात स्थिरावायला पुरेसा काळ मिळालेला असतो. ज्यांची त्या अणूंशी पूर्वी गाठ पडलेली नाही असे नवे इलेक्ट्रॉन आणले, तरच परीक्षा खरी ठरते.

अडकित्ता

धाग्यात एक गोष्ट गृहीत धरली गेली आहे, तिच्याकडे लक्ष वेधतो. "दोनदा अदलाबदल केली की मूळ स्थिती येते, म्हणून एका अदलाबदलीचा गुणक धन किंवा ऋण एक" हा युक्तिवाद आपण सगळेच शिकवतो, पण तो त्रिमितीत टिकतो, सर्वत्र नाही. त्रिमितीत एका कणाला दुसऱ्याभोवती पूर्ण फेरी मारायला लावली, तर त्या फेरीचा फास उचलून मोकळा करता येतो. प्रतलात, म्हणजे द्विमितीत, फास दुसऱ्या कणात अडकतो. म्हणून प्रतलात धन आणि ऋण यांच्या मधले गुणकही शक्य आहेत. लाइनास आणि मिर्हाइम यांनी हे १९७७ साली दाखवले, आणि १९८२ साली विल्चेक यांनी अशा कणांना एनिऑन हे नाव दिले.

शिवाय त्रिमितीतही दोन शक्यतांपैकी इलेक्ट्रॉनाच्या वाट्याला ऋणच का, हे आकड्यांच्या अर्थहीनतेवरून ठरत नाही. परीघ यांच्या पहिल्या प्रतिसादावरून तसा समज होऊ शकतो. क्रमांकांना सारखी वागणूक देणे बोसॉनांच्या धन चिन्हानेही साधते. अर्ध्या स्पिनच्या कणांना ऋण आणि पूर्णांक स्पिनच्या कणांना धन, हा संबंध पाउली यांनी १९४० साली सिद्ध केला, आणि त्यासाठी सापेक्षता व क्षेत्रांचा पुंजसिद्धान्त दोन्ही लागले. पदवीच्या वर्गात तो अनुभवाने मिळालेला नियम म्हणूनच सांगावा, असे माझे मत आहे. अर्धवट सिद्धता देण्यापेक्षा ते प्रामाणिक ठरेल.

परीघ

अडकित्ता यांचे म्हणणे पूर्णपणे रास्त आहे. माझ्या लिखाणात "दोन शक्यतांपैकी एक" आणि "तीच का" हे दोन मुद्दे मिसळले होते.

लंबक यांचा पहिला प्रश्न, म्हणजे हे बल मानायचे का, अजून उरला आहे. त्यासाठी सोमवारच्या वर्गात करण्याजोगे एक गणित सुचवतो. एका मितीतल्या सरल आवर्ती दोलकात (स्प्रिंगसारखे मध्याकडे ओढणारे बल असलेल्या व्यवस्थेत) दोन कण ठेवा, एक सर्वांत खालच्या अवस्थेत आणि एक पुढच्या. कणांमध्ये कोणतीही आंतरक्रिया ठेवू नका. स्पिन दोघांचे एकाच दिशेला ठेवा, म्हणजे सगळी सममिती स्थानाच्या भागात येईल. आता दोन कणांतल्या अंतराच्या वर्गाची सरासरी तीन वेळा काढा : कण ओळखता येण्याजोगे वेगळे असताना, बोसॉन असताना आणि फर्मिऑन असताना. एकूण ऊर्जा मात्र तिन्ही वेळा तपासायला सांगा.

एखाद्या हुशार गटाला तीन फर्मिऑनांचे गणितही देता येईल. खालच्या तीन अवस्थांचा निश्चयक मांडला आणि तिसऱ्या स्तंभात पहिल्याचा योग्य पट मिळवला, की स्तंभ १, क्ष आणि क्षचा वर्ग असे उरतात. मग स्थाने क्ष, य आणि झ असताना तरंगफलन (क्ष − य)(क्ष − झ)(य − झ) गुणिले घंटेच्या आकाराचे फलन असे निघते, फार तर चिन्हाचा फरक. कोणतेही दोन कण एका जागी आले की ते शून्य होते, हे नुसत्या डोळ्यांना दिसते.

लंबक

सोमवारचा तास आज झाला. गणित मुलांनीच केले, मी फळ्यापासून दूर बसले. दोलकाच्या नैसर्गिक एककांत अंतराच्या वर्गाची सरासरी वेगळ्या कणांसाठी २, बोसॉनांसाठी १ आणि फर्मिऑनांसाठी ३ आली. एकूण ऊर्जा तिन्ही वेळा तंतोतंत सारखी, ऊर्जेच्या पुंजाच्या दुप्पट. बोसॉनांच्या गणितात एका गटाचे मिश्र पदाचे चिन्ह चुकले होते आणि त्यांना फर्मिऑनांचेच उत्तर मिळाले होते. ती चूक शोधताना चिन्हाची किंमत वर्गाला जितकी समजली, तितकी माझ्या व्याख्यानातून समजली नसती.

प्रश्न विचारणारी मुलगी थोडा वेळ ते तीन आकडे पाहत होती. मग म्हणाली, "ऊर्जा जर एकच आहे, तर कोणी कोणाला ढकललेलं नाही. मग हे बल नाही." त्यानंतर तिने विचारले की, दोलकाऐवजी दोन खोल विहिरी घेऊन त्या हळूहळू दूर नेल्या, तर फर्मिऑन आणि बोसॉन यांच्या उत्तरांतला फरक शून्याकडे कोणत्या वेगाने जाईल? चंद्राच्या प्रश्नाला आकड्यांत उत्तर हवे, असे तिचे म्हणणे आहे. ते गणित आता आमच्या वर्गाने शनिवारसाठी घेतले आहे, उत्तर आले की इथे मांडते.